व्हेट टेक म्हणून काय करायचं आणि डॉक्टरांना कधी हाक मारायची

व्हेट टेक म्हणून, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांचे प्रशिक्षित मदतनीस म्हणून, नवीन लागलेले बरेच जण पहिल्याच दिवशी विचारतात की मला नक्की काय काय करता येतं. उत्तर जागेजागी बदलतं, कारण कायदे वेगळे आहेत, म्हणून पहिल्या आठवड्यातच तुमच्याकडचे नियम काढून स्वतः वाचा, सीनिअर "आपण इथे असंच करतो" म्हणाले एवढ्यावर थांबू नका. पण चार गोष्टी जवळजवळ सगळीकडे डॉक्टरांच्याच असतात: निदान करणं, पेशंट कितपत बरा होईल ते सांगणं, औषध ठरवणं आणि ऑपरेशन.

देखरेख म्हणजे काय हेही नीट बघा. काही कामांना डॉक्टर शेजारी, नजरेसमोर लागतात, काहींना त्याच इमारतीत असले की चालतं, आणि काही कामं ते बाहेर असतानाही होतात, फक्त त्यांनी आधी सूचना दिलेली हवी आणि फोनवर मिळायला हवेत. कुठलं काम कुठल्या गटात येतं हे नियमात असतं, ते लिहून भिंतीवर लावा.

रक्त काढणं, कॅथेटर लावणं, सलाईन सुरू करणं, सांगितलेलं इंजेक्शन देणं, एक्स-रे, स्लाइड बघणं, ड्रेसिंग ही रोजची कामं, हात बसला की जमतात. दातांचं स्केलिंग-पॉलिशिंगही बऱ्याच ठिकाणी टेक करतात पण दात काढायचा म्हटलं की थांबा आणि नियम बघा. रेबीजच्या लसीचे नियम तर काही ठिकाणी आणखी कडक असतात.

खरी जबाबदारी भूल दिल्यावर सुरू होते. प्लॅन डॉक्टरांचा, पण ऑपरेशनभर पेशंटवर नजर तुमची. दर ५ मिनिटांनी ठोके, श्वास, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, बीपी आणि तापमान लिहायचं. मीन (सरासरी) बीपी ६० च्या खाली चाललं किंवा ऑक्सिजन ९५ टक्क्यांच्या खाली आला तर मनात ठेवू नका, मोठ्याने सांगा. आणि मशीनवर सगळं सोडू नका, हात पेशंटवर ठेवा: कुत्रा-मांजरात नेहमीच्या गॅस भुलीत डोळा खाली-आत वळलेला असतो, तो मधोमध आला तर भूल एकतर हलकी झालीय नाहीतर फारच खोल गेलीय, मग जबडा ओढून बघायचा, घट्ट (म्हणजे हलकी) की अगदी ढिला (म्हणजे खोल). केटामाइन दिलं असेल तर डोळा तसाही मधेच राहतो, त्यामुळे एकाच खुणेवर विसंबायचं नाही.

निदानाची रेघ मात्र ऑपरेशन थिएटरपेक्षा काउंटरवर जास्त वेळा ओलांडली जाते. माझ्याकडून झालंय. एका बोक्याचा रिपोर्ट आला, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) खूप वाढलेलं, मालकीणबाईंनी विचारलं किडनी गेली का आणि मी "हो, तसंच दिसतंय" म्हणून मोकळी झाले. डॉक्टरांनी पोट चाचपलं तर मूत्राशय दगडासारखं टणक, लघवीची वाट बंद झाली होती. आकडा दोन्हीत वाढतो पण उपचार पूर्ण वेगळे, आणि त्या बाई मधली २० मिनिटं रडत बसल्या होत्या. तेव्हापासून मी एवढंच सांगते की रिपोर्ट आलाय, डॉक्टर बघून तुमच्याशी बोलतील. तुम्ही मोजलेलं सांगू शकता, ताप किती, वजन किती, सकाळपासून काय खाल्लं, पण त्याचा अर्थ काय ते डॉक्टरच सांगणार. फोनवर "तीच गोळी परत देऊ का" विचारलं तरी हेच, आधी डॉक्टरांना विचारायचं मग उत्तर.

तोंडी ऑर्डर मिळाली की औषधाचं नाव, मिलीग्रॅम, मिलीलिटर आणि कुठून द्यायचं ते परत म्हणून दाखवा, डॉक्टर हो म्हणाले की मगच सिरिंज भरा. डोस पटत नसेल तर बिनधास्त विचारा, चांगले डॉक्टर रागवत नाहीत, आणि रागावले तरी पेशंट आपला आहे. दिल्याबरोबर वेळ आणि सही.

डॉक्टर नसताना पेशंट कोसळला तर बहुतेक ठिकाणी जीव वाचवण्यापुरतं काम सुरू करता येतं. एकाला फोन करायला लावा आणि तुम्ही छाती दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, कुशीवर झोपवलं असेल तर छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत, श्वासनळीत ट्यूब असेल तर दर ६ सेकंदाला एक श्वास, दर २ मिनिटांनी दाबणारा बदला. फक्त अॅडमिट करतानाच मालकाने सीपीआरला (म्हणजे हे छाती दाबणं आणि श्वास देणं) हो म्हटलंय की नाही ते विचारून पिंजऱ्याच्या कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, त्या क्षणी फाईल शोधायला वेळ नसतो.