दोन प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये रॅम बसवताना या चुका टाळा

लॅमिंग्टन रोडवरून १६ जीबीच्या १६ स्टिक आणायच्या, दोन प्रोसेसरांच्या बाजूंना आठ-आठ बसवायच्या आणि स्क्रीनवर २५६ जीबी दिसले की झाकण लावायचे, ही पद्धत लहान कार्यालयांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या आम्हा लोकांच्या हातात वर्षानुवर्षे मुरलेली होती. इंटेलच्या झिऑन ई५-२६०० मालिकेवर ती योग्यही होती. त्या प्रोसेसरला मेमरीचे चार चॅनल, म्हणजे रॅमकडून डेटा ने-आण करण्याचे स्वतंत्र मार्ग, असत, २४ स्लॉटच्या बोर्डावर प्रत्येक चॅनलच्या वाट्याला तीन स्लॉट येत आणि आठ स्टिक चार चॅनलांत दोन-दोन अशा समान बसत. २०१७ मध्ये झिऑन स्केलेबल मालिका आली, तेव्हा अनेक बोर्डांवरचे स्लॉट २४ च राहिले. चॅनल मात्र सहा झाले आणि प्रत्येकाला दोनच स्लॉट उरले. झाकण उघडल्यावर दोन्ही पिढ्या जवळजवळ सारख्या दिसतात आणि नेमकी इथेच सर्वांत महागडी चूक होते.

आठ स्टिक सहा चॅनलांत समान वाटता येत नाहीत. प्रोसेसर सलग डेटा सर्व चॅनलांवर आळीपाळीने पसरवतो, म्हणून चॅनलांवरचा भार सारखा असेल तेव्हाच पूर्ण वेग मिळतो. आठ स्टिक बसवायच्या झाल्यास काही निर्मात्यांच्या पुस्तिका चार चॅनलांत दोन-दोन स्टिक घालून उरलेले दोन चॅनल रिकामे ठेवायला सांगतात. डीडीआर४-२६६६ या वेगाच्या रॅमचा एक चॅनल सेकंदाला सुमारे २१.३ जीबी वाहून नेतो. सहा चॅनलांचे मिळून १२८ जीबी होतात आणि चारांचे ८५. म्हणजे जास्त रॅम विकत घेऊन आपण एक तृतीयांश वेग सोडून देतो. माझ्या देखरेखीखालच्या अंधेरीतील एका कार्यालयात १२ स्टिकच्या १६ केल्यानंतर महिनाअखेरचे अहवाल आधीपेक्षा उशिरा तयार होऊ लागले. आम्ही दोन दिवस डिस्क आणि डेटाबेस तपासत राहिलो, कारण रॅम वाढवल्यावर सर्व्हर मंदावेल ही शंकाच कोणाला आली नाही.

सहा-सहा चॅनलांच्या दोन प्रोसेसरांच्या अशा सर्व्हरला एकूण १२ किंवा २४ स्टिक हाच हिशेब धरावा. १६ जीबीच्या १२ स्टिकांनी १९२ जीबी होतात, ३२ जीबीच्या १२ स्टिकांनी ३८४. मधला आकडा हवा असेल आणि निर्मात्याची पुस्तिका परवानगी देत असेल, तर १६ जीबीच्या १२ आणि ८ जीबीच्या १२ अशा एकत्र बसवून २८८ जीबी करता येतात, कारण तेव्हा प्रत्येक चॅनलवर सारखेच २४ जीबी येतात. एएमडीच्या एपिक मालिकेत २०१७ पासून आठ आणि २०२२ च्या जेनोआ पिढीत बारा चॅनल आहेत, त्यामुळे तिथला हिशेब वेगळा पडतो. ग्राहक ‘किती जीबी हवे’ एवढेच सांगतो. खरेदीची यादी करण्याआधी प्रोसेसरचा नेमका क्रमांक पाहून चॅनल मोजण्याची जबाबदारी आपली आहे.

दुसरी चूक म्हणजे सगळी रॅम पहिल्या प्रोसेसरच्या बाजूला लावणे. रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग, मेमरी कंट्रोलर, प्रोसेसरच्या आतच असतो, म्हणून दुसऱ्या प्रोसेसरच्या बाजूचे स्लॉट त्या प्रोसेसरशिवाय निर्जीव असतात. आणि त्या स्लॉटांत रॅम नसेल, तर दुसऱ्या प्रोसेसरला प्रत्येक वाचनासाठी पहिल्याच्या दारात जावे लागते. काही सर्व्हर अशा मांडणीत निमूटपणे चालू होतात, काही चूक दाखवून थांबतात. निमूटपणे चालणारे अधिक त्रासदायक, कारण त्यांचा दोष मंदपणाखेरीज कशातच दिसत नाही.

स्लॉटचा क्रम अंदाजाने ठरवू नये. बहुतेक बोर्डांवर चॅनलचा पहिला स्लॉट प्रोसेसरपासून सर्वांत दूरचा असतो आणि तो वेगळ्या रंगाच्या खटक्यांनी दाखवलेला असतो, परंतु रंग आणि क्रमांक निर्मात्यागणिक बदलतात. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला नकाशा वाचायला दोन मिनिटे लागतात. एकाच चॅनलवर दोन वेगळ्या प्रकारच्या स्टिक येत असतील, तर जास्त रँकची (एकत्र काम करणाऱ्या चिपांचे गट जास्त असलेली) स्टिक सहसा पहिल्या स्लॉटमध्ये जाते.

सर्व्हरच्या रॅमचे आरडीआयएमएम आणि एलआरडीआयएमएम हे दोन प्रकार एकत्र चालत नाहीत. डीडीआर४ च्या लेबलावर वेगाच्या आकड्यानंतरच्या भागात आर किंवा एल हे अक्षर असते. दुकानातच ते पाहून घ्यावे. वेगवेगळ्या वेगाच्या स्टिक मात्र सहसा चालतात, पण सगळ्या सर्वांत मंद स्टिकच्या वेगाने.

आता क्षमता कमी दिसते तेव्हा काय करावे, ते सांगतो, कारण इथे घाईने चांगल्या स्टिक परत पाठवल्या जातात. प्रथम बायोसमध्ये मिररिंग, म्हणजे तोच डेटा रॅममध्ये दोनदा ठेवण्याची सोय, चालू आहे का ते पाहावे. ते चालू असेल, तर उपलब्ध रॅम निम्मी दिसणारच. नंतर सिस्टम इव्हेंट लॉगमधून, म्हणजे सर्व्हर स्वतः ठेवतो त्या घडामोडींच्या नोंदींतून, कोणता स्लॉट गप्प आहे ते शोधून, वीजपुरवठा पूर्ण काढून, तिथली स्टिक चालू असलेल्या स्लॉटमधल्या तशाच स्टिकशी बदलावी. दोष स्टिकबरोबर सरकला, तर स्टिक खराब. दोष त्याच स्लॉटमध्ये राहिला, तर बोर्डाला दोष देण्याआधी प्रोसेसरचे सॉकेट तपासावे. एलजीए ३६४७ सॉकेटमध्ये ३६४७ बारीक पिना असतात आणि त्यातली एक वाकली तरी अख्खा चॅनल नाहीसा होऊ शकतो. हीटसिंकचे स्क्रू क्रम सोडून किंवा कमी-जास्त आवळल्यानेही हेच घडते. ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या जोराने ते पुन्हा आवळल्यावर हरवलेला चॅनल परत आल्याचे मी स्वतः पाहिले आहे, त्यामुळे नवा बोर्ड मागवण्याआधी हा अर्धा तास अवश्य द्यावा.

मुंबईच्या हवेत आणखी एक काळजी घ्यावी लागते. थंड सर्व्हर रूममधून स्टिक बाहेरच्या दमट हवेत आणली की तिच्यावर बारीक दव धरते. बाहेर न्यायची स्टिक आतच पिशवीत बंद करावी आणि तिचे तापमान बाहेरच्याइतके झाल्यावरच पिशवी उघडावी. पावसाळा असला तरी मनगटावरचा अर्थिंगचा पट्टा सोडू नये, कारण वातानुकूलित खोलीतली हवा बाहेरच्याइतकी दमट नसते.

काम संपल्यावर केवळ एकूण आकडा पाहून समाधान मानू नये. लिनक्सवर डीएमआयडीकोड (dmidecode) ही आज्ञा प्रत्येक स्लॉटमधील स्टिक आणि तिचा चालू वेग दाखवते, तर नुमासीटीएल (numactl) दोन्ही प्रोसेसरांच्या वाट्याला किती मेमरी आली ते सांगते. हे दोन्ही निकाल छापून सर्व्हरच्या फाइलीत लावावेत, म्हणजे पुढच्या वेळी रॅम वाढवायला येणाऱ्या माणसाला झाकण न उघडताच चॅनल मोजता येतील.