‘दादा, गाडीत आवाज येत नाही’ : विचारण्याआधी या चुका टाळा

गाडीच्या स्टीरिओचं काम थोडंफार येतं हे नात्यात आणि सोसायटीत कळलं, की माणसाचा रविवार त्याचा राहत नाही. सकाळी सकाळी मेसेज येतो : ‘दादा, नवीन अ‍ॅम्प बसवला. आवाज येत नाही. काय असेल?’ (अ‍ॅम्प म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, स्टीरिओचा आवाज वाढवून स्पीकरला देणारा डबा.) बास, एवढंच. गाडी कोणती, अ‍ॅम्प कोणता, दिवा लागतो का, याचा पत्ता नाही. यावर खरं उत्तर एकच : काहीही असेल. मग दहा उलटे प्रश्न विचारायचे, समोरचा वैतागणार आणि शेवटी ‘जाऊ दे, दुकानात दाखवतो’ म्हणणार.

विचारणाऱ्याला ज्ञान कमी असतं, ही अडचण नसते. ते नसतं म्हणूनच तो विचारतो. अडचण ही, की गाडीपाशी पाच मिनिटं उभं राहून जे दिसलं असतं, ते न बघताच तो फोन उचलतो.

‘आवाज येत नाही’ म्हणजे नक्की काय?

एकाच बाजूचा येत नाही की सगळीकडचा? एफएमवर येतो आणि ब्लूटूथवर येत नाही, असं आहे का? अ‍ॅम्पवरचा दिवा लागतो का, आणि लागला तर हिरवा की लाल? या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराने निम्मी गाडी संशयातून बाद होते.

अ‍ॅम्पचा दिवाच लागत नसेल तर तीनच वायरी बघायच्या : बॅटरीची, अर्थिंगची (गाडीच्या बॉडीला जाणारी) आणि रिमोटची. नवीन माणूस तिसरीच विसरतो. स्टीरिओच्या मागे पांढऱ्या पट्ट्याची निळी वायर असते. स्टीरिओ चालू झाला की तिच्यावर १२ व्होल्ट येतात आणि त्यावरून अ‍ॅम्पला जागं व्हायचं कळतं. ती जोडली नसेल तर बॅटरीची वायर कितीही जाड घ्या, अ‍ॅम्प झोपलेलाच राहणार.

लाल दिवा, म्हणजे प्रोटेक्शन (बिघाड दिसला की अ‍ॅम्प स्वतःला बंद करतो ते) लागलं असेल, तर अ‍ॅम्पच्या स्पीकरच्या सगळ्या वायरी काढा आणि पुन्हा चालू करा. दिवा हिरवा झाला तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या वायरीत. तरीही लालच राहिला तर आधी अर्थिंग आणि व्होल्टेज तपासा. ती ठीक असतील तर संशय अ‍ॅम्पवरच.

‘करंट येतोय’ हे मोजमाप नाही

‘करंट येतोय का?’ विचारलं की उत्तर येतं, ‘हो, टेस्टर लागतो.’ टेस्टरचा दिवा ९ व्होल्टवरही लागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत साधा मल्टिमीटर सहज मिळतो, तो आधी घ्या. गाडी बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरली. इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. हे आकडे बॅटरीवर एकदा आणि अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर एकदा, गाणं मोठ्याने चालू असताना मोजा. दोन्हींत एक व्होल्टचा फरक असेल तर वायर बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे, हे मला न विचारताच कळेल.

याच मीटरवरून एक घाबरलेला प्रश्न नेहमी येतो : ‘स्पीकर ४ ओहमचा आहे, मीटर ३.४ दाखवतोय, जळाला का?’ नाही. मीटर कॉइलचा नुसता रोध मोजतो आणि तो लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमीच दिसतो. शून्य किंवा अनंत दिसलं तर मात्र गेला.

खोक्यावरचे वॅट

इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. स्टीरिओच्या खोक्यावर ‘५० वॅट × ४’ लिहिलेलं असतं. हा आकडा कुठून येतो? गाडी सुरू असताना मिळतात १४.४ व्होल्ट. स्पीकर ४ ओहमचा. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध : २०७ भागिले ४, म्हणजे ५२ च्या आसपास. पण एवढी शक्ती निघते ती सिग्नल पार ठोकून चौकोनी झाल्यावर. तेव्हा ते गाणं नसतं, पत्र्याचा खडखडाट असतो. स्वच्छ लहरीसाठी हिशोब निम्म्यावर येतो, २६ वॅट. आयसीमधली (स्टीरिओतल्या आवाज वाढवणाऱ्या चिपमधली) घट वजा केली की हाती उरतात १८ ते २२. तेवढेच आरएमएस, म्हणजे सलग टिकणारे खरे वॅट. त्यामुळे ‘माझा स्टीरिओ २०० वॅटचा आहे, त्यावर २०० वॅटचा वूफर चालेल का?’ या प्रश्नात दोन्ही आकडे वेगवेगळ्या जातीचे असतात.

वेगळा अ‍ॅम्प आतल्या आत व्होल्टेज वाढवतो, म्हणून तो जास्त ताकद देऊ शकतो. पण ती ताकद शेवटी बॅटरीच्या वायरीतूनच येते. ‘५००० वॅट’ लिहिलेला अ‍ॅम्प हातात आला तर त्याच्या अंगावरचा फ्यूज बघा. ३० अँपिअरचा असेल तर ३० गुणिले १४.४, म्हणजे आत शिरतात जास्तीत जास्त ४३२ वॅट. त्यातले काही उष्णतेत जाणार, किती ते आतल्या रचनेवर, म्हणजे क्लासवर. क्लास एबी असेल तर साधारण ६० टक्के स्पीकरपर्यंत पोहोचतात, क्लास डी असेल तर ८० किंवा थोडे जास्त. उरलेले साडेचार हजार छापखान्यातून आले. अमेरिकेत २००३ पासून सीईए-२००६ (आता सीटीए-२००६) नावाचं मानक आहे : १४.४ व्होल्ट, ४ ओहम, १ टक्का विकृती, या अटींवर मोजलेले वॅट. विचारताना तो आकडा सांगा, किंवा निदान फ्यूज किती अँपिअरचा ते सांगा.

खरोखर ५०० वॅट आरएमएसचा क्लास डी अ‍ॅम्प पूर्ण ताकदीने चालला तर ४५ अँपिअर मागतो. स्टीरिओच्या मागच्या वायरीवर फ्यूज असतो १० किंवा १५ अँपिअरचा. तिथून अ‍ॅम्पला टॅप मारणारे महाभाग अजूनही आहेत. वायर थेट बॅटरीवरून घ्या, तांब्याची घ्या (वर तांबं आणि आत अ‍ॅल्युमिनियम असेल तर एक माप जाड), आणि फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत बसवा. तो फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतो, वायरीसाठी असतो. बॉनेटखाली वायर घासून बॉडीला टेकली, तर त्या दीड फुटाच्या पुढचं सगळं वाचतं.

कुईंऽऽ

गाडीला रेस दिली की आवाज चढतो, सोडली की उतरतो. हा अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा आवाज. ‘फिल्टर कुठला घेऊ?’ असं विचारू नका. अ‍ॅम्पमधून आरसीए वायरी (स्टीरिओकडून गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या) काढा. आवाज गेला तर तो पुढून, म्हणजे स्टीरिओ किंवा आरसीएमधून येतोय. राहिला तर अ‍ॅम्पचीच वीज किंवा अर्थिंग.

मी स्वतः या आवाजामागे दोन शनिवार-रविवार घालवलेत. आरसीए बदलली, पॉवरच्या वायरीपासून दूर गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली, फिल्टरही लावून पाहिला. शेवटी अर्थचा बोल्ट उघडला तर खाली कंपनीचा रंग शाबूत! वायरीच्या टोकाचा लग रंगावर बसलेला, बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम स्पर्श. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला आणि आवाज गेला. अर्थची वायर अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. सीटबेल्टचा बोल्ट हाताशी दिसतो, पण त्याला हात लावू नका. तो तुमचा जीव धरून ठेवायला आहे.

हाच आवाज फक्त फोन चार्जिंगला लावून ऑक्सवर गाणी ऐकताना येत असेल, तर गाडी उघडायची गरज नाही. चार्जर काढून बघा.

बास हरवला

नवीन स्पीकर घातले आणि बास पूर्वीपेक्षा कमी झाला, अशी तक्रार आली की मी बॅलन्स पूर्ण डावीकडे न्यायला सांगतो. एकाच बाजूला नेल्यावर बास वाढला तर एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागलेत. खात्रीसाठी दीड व्होल्टचा घड्याळाचा सेल वायरींना क्षणभर लावा. प्लसला प्लस असेल तर पडदा बाहेर येतो. ट्विटरवर (बारीक, तीक्ष्ण आवाजाच्या छोट्या स्पीकरवर) हा प्रयोग करू नका. आणि स्टीरिओच्या स्पीकर वायरींचे मायनस बॉडीला कधीच जोडू नका. आतली आयसी दोन्ही टोकांनी ढकलत असते, एक टोक अर्थ केलं की ती जळते.

कॅमेरा आणि हँडब्रेक

रिव्हर्स टाकला की स्क्रीन बदलते पण काळीच राहते? मग रिव्हर्स दिव्यावरून स्क्रीनला इशारा देणारी ट्रिगर वायर पोहोचली आहे. कॅमेऱ्याची वीज किंवा पिवळी व्हिडिओ पिन बघा. स्क्रीन बदलतच नाही? मग ट्रिगर. या दोन तक्रारी लोक ‘कॅमेरा बंद’ या एकाच शब्दात सांगतात.

चालत्या गाडीत पुढच्या स्क्रीनवर व्हिडिओ दिसावा म्हणून हँडब्रेकची वायर अर्थ कशी करायची, याचं उत्तर मी देत नाही. घाटात समोरून येणाऱ्यांत मीही असतो.

‘मी काही हात लावला नाही’

लपवलेली गोष्ट सगळ्यात जास्त वेळ खाते. १० चा फ्यूज उडाला म्हणून ३० चा टाकला, हे लोक शेवटी, ओशाळून सांगतात. किंवा ‘पिवळी आणि लाल जोडून टाकली.’ पिवळी कायम बॅटरीची, लाल चावीची. दोन्ही एकत्र केल्या की स्टीरिओ चावी काढल्यावरही सुरू राहू शकतो आणि सकाळी गाडी सेल्फ घेत नाही. अदलाबदल झाली तर उलटं : दर वेळी घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात. काही गाड्यांच्या कंपनीच्या कपलरमध्ये (वायरी जोडायच्या सॉकेटमध्ये) या दोन पिनांच्या जागाच वेगळ्या असतात, म्हणून रंगावर विसंबू नका, मोजा. तयार कपलर मिळत असताना मूळ हार्नेस (वायरींचा जुडगा) कापू नका. कापला असेल तर तसं सांगा.

मागच्या महिन्यात भाच्याचा मेसेज आला : ‘मामा, मागचा डावा स्पीकर मधेच बंद पडतो. अ‍ॅम्पला डाव्या-उजव्या आरसीए बदलून पाहिल्या, दोष डावीकडेच. मग अ‍ॅम्पवरच स्पीकरच्या वायरी बदलल्या, तरी डावाच बंद. दार जोरात लावलं की कधीकधी चालू होतो.’

मी चहा पिता पिता लिहिलं : दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीत बघ. अर्ध्या तासाने तुटलेल्या वायरीचा फोटो आला.