हीट फ्लक्स प्लेट भर दुपारी कमी आकडे दाखवते? माझा अनुभव

सोलापूरजवळ ज्वारीच्या रानात पुरलेली हीट फ्लक्स प्लेट (मातीतून किती उष्णता वाहते ते मोजणारी चकती), वरची माती हाताला चटका देत असतानाही, जेमतेम आकडे दाखवायची. केबल बदलली, लॉगरमधला (आकडे नोंदवणाऱ्या यंत्रातला) प्लेटचा गुणक तपासला. पंधरा दिवस वाया. शेवटी उकरलं. काळी माती वाळून भेगाळलेली, प्लेटखाली बोट जाईल एवढी पोकळी! त्या हवेतून उष्णता नीट जात नव्हती, म्हणून आकडे कमी.

मग शेजारी खड्डा घेतला. त्याच्या न हललेल्या भिंतीत ८ सेंमी खोलीवर सुरीने आडवी चीर पाडली, प्लेट सपाट सरकवली, त्याच मातीचा चिखल भरून दाबली. वायर मीटरभर जमिनीखालूनच नेली, नाहीतर तीच ऊन आत पोचवते. २ आणि ६ सेंमीवर तापमापक बसवले, कारण प्लेटच्या वरच्या थरात साठणारी उष्णता मी हिशेबात धरतच नव्हतो. खड्डा थराला थर लावून बुजवला.

तिसऱ्या दिवशी आकडे ताळ्यावर आले. आता जवळ भेग दिसली की लगेच उकरतो.