बाथरूम तुंबलंय आणि प्रत्येक प्लंबर वेगळंच सांगतोय

भाड्याच्या घरात बाथरूमचं पाणी तुंबायला लागलं, की सर्वांत आधी घरमालकाला किंवा घर सांभाळणाऱ्या एजन्सीला लेखी कळवा. केमिकलची बाटली आणण्याआधी, प्लंबर शोधण्याआधी. परदेशात नव्याने आलेली कुटुंबं नेमकी इथेच कचरतात. भाषा अजून अंगवळणी पडलेली नसते, डिपॉझिट मालकाकडे अडकलेलं असतं आणि आपल्याच हातून काही बिघडलं असेल अशी धास्ती असते. मग आठवडाभर घोटाभर पाण्यात उभं राहून अंघोळी चालतात. तसं अजिबात करू नका. उशिरा कळवलंत आणि खालच्या घरात पाणी झिरपलं, तर तो खर्चही तुमच्या अंगावर येऊ शकतो. चार ओळींचा ईमेल पुरतो: कधीपासून, कुठल्या जाळीपाशी, पाणी उतरायला किती वेळ लागतो, आणि सोबत एक छोटा व्हिडिओ. खर्च कोणी करायचा हे करार आणि तिथला कायदा यांवर ठरतं, म्हणून कराराचं ते पान आधी काढून वाचा.

प्लंबर येईपर्यंत एक पाहणी स्वतः करून ठेवा. तिला हत्यार लागत नाही, पण पुढे तीन जणांची तीन मतं ऐकायची वेळ आली तर तीच कामी येते. बेसिन भरून एकदम सोडा आणि शॉवरच्या जाळीकडे बघा. मग फ्लश करा, पुन्हा बघा. वॉशिंग मशीन पाणी सोडत असताना पुन्हा एकदा बघा. फक्त शॉवरचंच पाणी रेंगाळत असेल आणि बाकी सगळं सुरळीत असेल, तर अडथळा जवळ आहे, जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे थोडं पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या पाइपात, किंवा तिथून निघणाऱ्या छोट्या पाइपात. फ्लश केल्यावर किंवा मशीनचं पाणी सुटल्यावर शॉवरच्या जाळीतून पाणी वर येत असेल, तर अडथळा पुढे आहे, सगळ्यांचं पाणी एकत्र होतं त्या मोठ्या लाइनमध्ये. पाणी उतरताना गुडगुड आवाज येतो आणि मागाहून वास मारतो, तेव्हा हवेचा पाइप, म्हणजे छतावर उघडणारा व्हेंट, बंद झाल्याची शक्यता धरा. इमारतीत राहत असाल तर वरच्या-खालच्या शेजाऱ्यांनाही विचारा. त्यांच्याकडेही तेच चाललं असेल तर हे काम तुमच्या घरापुरतं उरत नाही.

अडथळा जवळचा असेल तर बहुतेक वेळा केस आणि साबण हेच कारण असतं. पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा पांढरट चिकट थर तयार करतं, आणि केस त्यात रुतून बसतात. जाळी काढा, हातमोजे घाला आणि दातेरी प्लास्टिकची लांब पट्टी आत घालून हळूहळू फिरवत वर ओढा. काळपट, बुळबुळीत, वेणीसारखा पिळलेला गुंता वर येतो. किळस वाटेल, पण तो अख्खा बाहेर काढा, तुटलेला अर्धा भाग आत राहू देऊ नका. त्यानंतर प्लंजर. त्याचं रबर बुडेल इतकं पाणी जाळीवर असू द्या, आणि बेसिनवर वापरत असाल तर वरचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने घट्ट दाबून धरा, नाहीतर सगळा दाब तिथून निघून जातो. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस बघायला छान दिसतो, पण दोन्ही एकमेकांना निकामी करतात. केसांच्या गुंत्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

तीव्र केमिकलबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. ती बहुधा कॉस्टिक सोड्याची असतात, काही तीव्र आम्लाची. दोन प्रकार कधीही एकत्र करू नका. ब्लीचमध्ये आम्ल मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. पाइप पूर्ण तुंबलेला असताना ओतलेलं केमिकल तिथेच साचून राहतं. मग प्लंजर मारला तर ते तोंडावर उडतं. ओतून बसला असाल तर प्लंबर दारात आल्या आल्या त्याला सांगा, कारण तो त्याच पाण्यात हात घालणार आहे. उकळतं पाणीही नको. पीव्हीसीचे पाइप साधारण 60 अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानासाठी असतात, आणि उकळत्या पाण्याने ते मऊ पडून सांधे सुटू शकतात.

आता प्लंबरांच्या मतांकडे. माझ्या एका भाड्याच्या घरात शॉवर तुंबला तेव्हा पहिला म्हणाला, महिन्याला केमिकल टाकत जा. दुसऱ्याने पाइपात स्प्रिंग फिरवली आणि सांगितलं, पाइपाला ढाळच नाही, फरशी फोडावी लागेल. तिसऱ्याचं म्हणणं, ट्रॅप अरुंद आहे, काढून टाकू म्हणजे कटकट संपेल. तिघांपैकी कोणी फसवत होतं असं मला आजही वाटत नाही. प्रत्येकाने जेवढं बघितलं तेवढ्यावर मत दिलं, आणि हाताशी असलेल्या हत्यारानुसार उपाय सुचवला. अडथळा नक्की कुठे आहे, हे मात्र तिघांनीही डोळ्यांनी बघितलं नव्हतं. म्हणून प्रत्येक प्लंबरला हाच प्रश्न विचारा: अडथळा जाळीपासून किती अंतरावर आहे, आणि तुम्हाला ते कशावरून कळलं? उत्तरात आकडा नसेल तर तो अंदाज आहे. अंदाजावर साफसफाई करून घ्यायला हरकत नाही, तोडफोड मात्र करायची नाही.

ढाळाचं म्हणणं तर घरबसल्याही तपासता येतं. सांडपाण्याच्या बारीक पाइपाला साधारण 40 ते 50 सेंटिमीटर लांबीमागे एक सेंटिमीटर उतार देतात. उतार कमी पडला तर पाणी पहिल्या दिवसापासून रेंगाळतं. महिनोन्‌महिने नीट उतरणारं पाणी अचानक थांबलं, तर त्याचा दोष ढाळावर टाकताना दहादा विचार करावा, कारण ढाळ एका रात्रीत बदलत नाही. अपवाद जमीन खचल्याचा किंवा पाइपाचा आधार सुटल्याचा, आणि तो पाइपात सोडायच्या कॅमेऱ्यात दिसतो.

आमच्याकडेही शेवटी कॅमेराच आणावा लागला. ट्रॅपच्या बाजूचं झाकण उघडून बारीक केबल आत सरकवली, तसा पडद्याच्या कोपऱ्यातला अंतराचा आकडा चढत गेला. साडेतीन मीटरच्या आसपास एका सांध्याच्या कडेला साबणाचा पांढरा थर दिसला, आणि त्यात केसांचा झुबका लोंबत होता. त्याच्या पलीकडे पाइप स्वच्छ होता, पाणी कुठेही साचलेलं नव्हतं. ढाळ ठीक असल्याचा पुरावाच तो. दाबाच्या पाण्याने सांधा धुऊन काढला आणि फरशीला हात लावावा लागला नाही. तुम्हीही कॅमेरा लावलात तर रेकॉर्डिंग मागून घ्या आणि मालकाला पाठवा. दुसरं मत घ्यायचं झालं तर पुढच्या प्लंबरला तेच दाखवा.

ट्रॅप काढून टाकण्याचा सल्ला कोणीही दिला तरी मान्य करू नका. वाकड्या पाइपात जे थोडं पाणी कायम थांबतं, तेच गटारातला वायू घरात येऊ देत नाही. 1775 साली अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने शौचालयासाठी अशा वाकड्या पाइपाचं पेटंट घेतलं, आणि हे तत्त्व आजही टिकून आहे ते त्यामुळेच. 2003 मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत 300हून अधिक रहिवाशांना सार्स हा श्वसनाचा संसर्गजन्य आजार झाला. तपासात जी कारणं पुढे आली, त्यांत बाथरूमच्या जमिनीवरचे कोरडे पडलेले ट्रॅप हे एक महत्त्वाचं कारण होतं. म्हणून पाहुण्यांची न वापरातली बाथरूम असेल, किंवा घर बंद ठेवून महिनाभर कुठे जाऊन आलात, तर परत आल्यावर प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता. तुंबलेलं काहीच नसताना वास येत असेल, तर आधी हेच करून बघा.

एक गोष्ट घर बघायला जाल तेव्हाच तपासा. पुष्कळ देशांत शॉवरच्या चौकोनाबाहेर फरशीला जाळीच नसते. तिथे सांडलेलं पाणी थेट फरशीखाली मुरतं, म्हणून पडदा शॉवरच्या आतल्या बाजूला राहील असा सोडा आणि बाहेर बादलीने पाणी ओतू नका. ओले वाइप्स, पाकिटावर काहीही छापलेलं असो, कमोडमध्ये टाकू नका. ते कागदासारखे विरघळत नाहीत, आणि पुढच्या वळणावर जमलेल्या केसांत अडकतात.

फरशी फोडायचं काम कोणी सुचवलं, तर कॅमेऱ्यातला पुरावा, अडथळ्याचं अंतर, फोडायची जागा आणि पूर्ववत करण्याचा खर्च हे सगळं कागदावर आल्याशिवाय हो म्हणू नका. भाड्याच्या घरात तर मालकाची लेखी संमती हवीच. मैलापाणी उलटं वर येत असेल तर मात्र मतं गोळा करत बसू नका. घरातला सगळा पाणीवापर थांबवा, मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा, आणि मालकाच्या आणीबाणीच्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीसुद्धा फोन करा.

काम झाल्यावर प्लंबरला लगेच जाऊ देऊ नका. बेसिन काठोकाठ भरून सोडा, त्याच वेळी शॉवर चालू करा आणि फ्लशही दाबा. दहा मिनिटं जाळीवर पाणी थांबत नाही ना, हे दोघांनी मिळून बघा. मग अडथळा कुठे होता, किती अंतरावर आणि कशाने काढला, हे त्याच्याच हातून बिलावर लिहून घ्या.