एकट्याने अनेक पात्रं खेळवताना क्लास कसे निवडावेत

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये एकट्याने अख्खी टीम चालवायची असेल, तर ‘सगळ्यात ताकदवान क्लास (म्हणजे पात्राचा प्रकार) कोणता’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. पात्रं पाच असली तरी तुमचं लक्ष एका वेळी एकाकडेच असतं. म्हणून प्रत्येक क्लासबद्दल एवढंच विचारा: मी याच्याकडे दहा सेकंद पाहिलं नाही, तर हा काय करत राहील?

पायरी १: गेमचे नियम वाचा.
प्रत्येक पात्र वेगळ्या विंडोत चालतं. एक बटण दाबून सगळ्या विंडोंना तोच आदेश पाठवणं ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये २०१५च्या सुरुवातीपासून बंद आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने २०२०च्या अखेरीस अशा सॉफ्टवेअरवर बंदी आणली. त्यामुळे ‘एकाच क्लासची पाच पात्रं, सगळ्यांना एकच बटण’ हा जुन्या गाइडमधला सल्ला तिथे आता निरुपयोगी आहे. प्रत्येक विंडोत जाऊन बटण स्वतः दाबावं लागतं.

पायरी २: जागा मोजा.
वॉरक्राफ्टच्या डंजनमध्ये (टीमने मिळून लढायच्या जागेत) पाच जण लागतात: एक टँक (शत्रूंचा मार स्वतःवर घेणारा), एक हीलर (टीमचं आरोग्य भरणारा), तीन डॅमेजवाले (शत्रूला मारणारे). ‘फायनल फँटसी १४’मध्ये चार. ‘एव्हरक्वेस्ट’चा ग्रुप सहा जणांचा.

पायरी ३: टँक ठरवा.
तुमची नजर बहुतेक वेळ याच विंडोवर असेल, म्हणून टँक स्वतःला खेळायला आवडेल असाच घ्या. वॉरक्राफ्टमध्ये माझी पसंती पॅलाडिन या क्लासला. त्याचं ‘कॉन्सिक्रेशन’ आजूबाजूच्या सगळ्या शत्रूंना एकदम लागतं, त्यामुळे ते त्याच्याच मागे राहतात. वॉरक्राफ्टच्या ‘क्लासिक’ आवृत्तीमधल्या वॉरियरला मात्र एकेका शत्रूला मारून त्याचं लक्ष स्वतःकडे ठेवावं लागतं, आणि तेवढ्यात हीलरची विंडो दुर्लक्षित राहते.

पायरी ४: हीलर.
ड्रुइड उत्तम. त्याचं ‘रिजुव्हेनेशन’ एकदा टाकलं की टँकचं आरोग्य थोडं थोडं भरत राहतं आणि तुम्ही दुसरीकडे वळू शकता. टँकचं नाव घातलेला मॅक्रो (एका बटणावर ठेवलेला तयार आदेश) बनवा, म्हणजे दर वेळी त्याला निवडत बसावं लागणार नाही.

पायरी ५: डॅमेजवाले.
खरी गफलत इथे होते. ‘रोग’ (Rogue) किंवा जवळून लढणारा दुसरा कुठलाही क्लास टाळा. शत्रू जरा सरकला, की यांना हलवा, तोंड फिरवा, पुन्हा हलवा. लांबून मारणारे घ्या. हंटरचा ‘ऑटो शॉट’ आपोआप सुरू राहतो, शिवाय त्याचा पाळीव प्राणीही लढतो. वॉरलॉक शत्रूला हळूहळू इजा करत राहणारं ‘करप्शन’ लावून मोकळा होतो आणि त्याचा राक्षस आपलं काम करत राहतो. मेज (Mage, जादूगार) मात्र प्रत्येक ‘फ्रॉस्टबोल्ट’साठी तुमचं बोट मागतो. सगळ्यांना ‘असिस्ट’ मॅक्रो द्या, म्हणजे टँकचाच शत्रू त्यांचाही होईल.

एव्हरक्वेस्टमधला एन्चँटर मोहात पाडतो खरा, पण शत्रूंना गुंगीत ठेवायचं तर ती गुंगी पुन्हा पुन्हा लावावी लागते. त्याला टीममध्ये उशिरा घ्या.

चिलखताचाही विचार हवा. दोन वॉरलॉक असतील तर दोघांनाही तेच कापडी कपडे लागतात आणि एकाला ताटकळावं लागतं.

पायरी ६: दोघांपासून सुरुवात करा.
फक्त टँक आणि हीलर घेऊन काही लेव्हल खेळा. ते सुरळीत चाललं की एकेक डॅमेजवाला वाढवा. नवा आल्यावर टँक वारंवार मरू लागला, तर तो नवा क्लास तुमचं लक्ष जास्त खातोय. लेव्हल कमी असतानाच तो बदला.