‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ घरी बघताय? या चुका टाळा

सिडनी ल्युमेटचा १९५७ चा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ म्हणजे एक खोली, बारा ज्युरर (खटल्याचा निकाल ठरवणारे साधे नागरिक) आणि बोलणं. ९६ मिनिटांतली जेमतेम तीन मिनिटं सोडली तर कॅमेरा त्या खोलीबाहेर पडतच नाही. त्यामुळे पुष्कळांना वाटतं, याला कसली आलीय पिक्चर क्वालिटी? कसाही लावा, चालेल. नाही चालत. चेहरे आणि आवाज एवढंच ज्याचं भांडवल, त्याचे चेहरे नि आवाजच बिघडले तर बघायला उरलं काय?

सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक म्हणजे बाजूच्या काळ्या पट्ट्या दिसल्या की रिमोटवरचं झूम दाबणं. चित्रपटाची चौकट १.६६:१ आहे, टीव्हीची १.७८:१. म्हणजे फुल एचडी पडद्यावर दोन्ही बाजूंना साधारण ६४ पिक्सेल काळे राहणारच. ते भरायला गेलात की वरचं-खालचं चित्र कापलं जातं, आणि नेमकं तेच इथे परवडत नाही. ल्युमेट आणि छायालेखक बोरिस कॉफमन यांनी सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर ठेवला, मग डोळ्यांच्या पातळीवर आणला, शेवटी त्याच्याही खाली नेला. सोबत लेन्सही लांब-लांब पल्ल्याच्या होत गेल्या. म्हणून भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटतात आणि शेवटाकडे छत दिसायला लागतं. झूम केलंत की त्या छताचाच तुकडा उडतो. पिक्चर साइझमध्ये १६:९ निवडा, कडा न कापता पूर्ण चित्र दाखवणारं ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असेल तर तेही चालू करा. पट्ट्यांची सवय होते हो, पहिल्या दहा मिनिटांत.

दुसरी चूक आवाजाची. एका स्नेह्यांची तक्रार होती, “डिस्क भिकार आहे, संवादच ऐकू येत नाहीत.” दुसरी आवृत्ती मागवायची तयारीही झाली होती. घरी जाऊन बघितलं, तर पाच स्पीकरच्या सेटमधला मधला स्पीकर टीव्हीखाली मावत नाही म्हणून माळ्यावर! स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या रिसीव्हरला मात्र हे कुणी सांगितलंच नव्हतं. चित्रपट मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच चॅनलचा. डिस्कवर एकाच चॅनलचा ट्रॅक असेल तर रिसीव्हर तो सरळ सेंटरला, म्हणजे मधल्या स्पीकरला धाडतो. दोन चॅनलमध्ये सारखाच भरलेला असेल तरी प्रो लॉजिक (दोन चॅनलचा आवाज जास्त स्पीकरांत वाटणारी सोय) चालू असल्यावर तोही सेंटरलाच जातो. म्हणजे सगळे बारा ज्युरर माळ्यावरच्या स्पीकरशी बोलत होते. स्नेह्यांनी उपाय म्हणून ‘हॉल’, ‘स्टेडियम’ असे मोड एकामागून एक लावले होते, त्यात नायक हेन्री फोंडा मागच्या स्पीकरमधून विहिरीत उभा राहिल्यासारखा बोलत होता. स्पीकर सेटअपमध्ये सेंटरपुढे ‘नन’ (none, म्हणजे ‘नाही’) केलं, आवाज समोरच्या दोन स्पीकरांत आला, काम संपलं.

मेनू उघडायचा कंटाळा आणि मोडची बटणं दाबायचा उत्साह, हे मला कधीच समजलेलं नाही. सिनेमात म्हाताऱ्या साक्षीदाराला आगगाडीच्या खडखडाटात आरोपीचा आवाज ऐकू आला असेल का, यावर ज्युरर भांडतात. आपल्याला निदान ते भांडण तरी ऐकू यावं! मोनो चित्रपटाला मी कुठलाही सराउंड मोड लावत नाही. थोडी खरखर ऐकू येते, येऊ दे.

नॉइज रिडक्शन बंद, शार्पनेस जवळजवळ शून्यावर. पडद्यावर दिसणारे बारीक कण म्हणजे फिल्मचा ग्रेन, घाण नव्हे. तो पुसायला गेलात की त्याबरोबर कातडीचा पोतही जातो. मला घाम येत नाही म्हणणारा चौथा ज्युरर अखेर कपाळ पुसतो, आणि एक अख्खी साक्ष नाकावरच्या चष्म्याच्या खुणांवर फिरते. अशा सिनेमात चेहरे मेणाचे करून कसं भागेल?

ट्रूमोशन, ऑटो मोशन प्लस, मोशनफ्लो, नाव काहीही असो, बंद करा. सेकंदाला २४ फ्रेमच्या सिनेमात टीव्ही स्वतःच्या मनाने फ्रेम घुसडतो आणि फोंडा संध्याकाळच्या मालिकेतला वाटतो. ‘व्हिव्हिड’ मोड दुकानातल्या झगमगाटासाठी असतो. घरात ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ लावा.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर ऑडिओ डिले बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

जुनी पाल (PAL, टीव्हीची एक जुनी पद्धत) डीव्हीडी ९२ मिनिटांत संपली म्हणून सीन कापलेत अशी बोंब मारू नका. ती २५ फ्रेमने, म्हणजे चार टक्के जास्त वेगाने पळते, कधीकधी आवाजही जरा चढा लागतो.

आणि अमेरिकेतल्या भाच्याकडून क्रायटेरियन या कंपनीची ब्ल्यू-रे मागवणार असाल, तर ब्ल्यू-रेसाठी जगाचे रीजन, म्हणजे विभाग पाडलेत; ती रीजन ए ची आहे आणि भारत रीजन सी मध्ये येतो. आपला प्लेयर ती वाजवतो का ते आधी बघा, मग भाच्याला फोन करा.