बॅरियर रीफवर डायव्हिंगला जायचंय? आखणी परतीच्या विमानापासून सुरू करा

बॅरियर रीफ किनाऱ्याला चिकटलेली नसते. मध्ये लगून, म्हणजे किनारा आणि रीफ यांच्यामधलं पाणी असतं आणि त्याच्या पलीकडे प्रवाळाची भिंत खोल समुद्रात उतरते. ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सहून ग्रेट बॅरियर रीफच्या बाहेरच्या कडेपर्यंत पोहोचायला वेगवान बोटीलाही दीड ते दोन तास लागतात. म्हणून तिथली सहल आखताना हॉटेल आणि तिकिटांच्या आधी वारा, भरती-ओहोटी आणि बोट यांचा विचार करावा लागतो. वारा सुटला आणि बोट निघालीच नाही, तर तो दिवस हातचा जातो.

कॅलेंडर समोर ठेवा आणि शेवटून मागे मोजत या. डायव्हिंगनंतर रक्तात आणि ऊतींमध्ये जास्तीचा नायट्रोजन विरघळलेला असतो. विमानातला हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असल्याने तो बुडबुड्यांच्या रूपात सुटू शकतो. एकच साधा डाइव्ह केला असेल तर उड्डाणापूर्वी किमान 12 तास, दिवसाला अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह केले असतील तर किमान 18 तास, आणि डीकाँप्रेशनचे थांबे (नायट्रोजन हळूहळू सुटावा म्हणून वर येताना ठरावीक खोलीवर थांबणं) घ्यावे लागले असतील तर 24 तासांहून जास्त थांबायचं असतं. सरळ उपाय म्हणजे शेवटचा पूर्ण दिवस कोरडा ठेवणं. हा नियम फक्त मोठ्या विमानाला लागू नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. रीफवरून फिरवणारं छोटं विमान किंवा हेलिकॉप्टर, आणि गाडीने चढलेला घाटही यात मोजायचा. केर्न्सच्या मागचं ॲथर्टन पठार काहीशे मीटर उंच आहे, तेव्हा सकाळी डाइव्ह आणि दुपारी पठारावरचे धबधबे असा बेत नको. मध्य अमेरिकेतल्या बेलीझचं ग्रेट ब्लू होल, म्हणजे समुद्रातला गोल खोल खड्डा, आकाशातून बघायचं असेल, तर ते पहिल्या डाइव्हच्या आधी उरकून घ्या.

सात दिवसांच्या सहलीत डायव्हिंगचे चारच दिवस धरा. एक पोहोचण्याचा, एक वाऱ्यासाठी राखीव, एक कोरडा. पोहोचल्याच्या दिवशी, लांबच्या प्रवासाने थकलेलं आणि पाणी कमी प्यायलेलं शरीर घेऊन पाण्यात उतरू नये.

कोणता महिना, कोणती तिथी

ग्रेट बॅरियर रीफवर चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. साधारण त्याच महिन्यांत उत्तर क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगत बॉक्स जेलीफिशचा धोका असतो, म्हणून बोटीवर लायक्राचा सूट देतात. तो नाकारू नका. जून ते ऑगस्ट आग्नेयेचे व्यापारी वारे जोरात असतात आणि पाणी 23-24 अंशांपर्यंत उतरतं. पण उत्तरेच्या रिबन रीफ्सवर मिंके देवमासे जून-जुलैतच येतात, त्यांच्यासाठी जायचं तर वारा सोसायची तयारी हवी. पहिल्यांदाच जात असाल तर सप्टेंबर-ऑक्टोबर निवडा: वारा मंदावतो आणि पाणी नितळ असतं. बेलीझकडे चक्रीवादळांचे महिने जून ते नोव्हेंबर. तिथल्या ग्लॅडन स्पिटला व्हेल शार्क दिसतात ते साधारण मार्च ते जून, पौर्णिमेच्या आसपास, कारण तेव्हा स्नॅपर मासे अंडी घालायला जमतात.

महिना ठरला की तिथी बघा. लगूनमधलं पाणी दिवसातून साधारण दोनदा भिंतीतल्या मोजक्या खिंडींतून आत-बाहेर करतं. भरती चढत असताना खुल्या समुद्राचं स्वच्छ पाणी आत येतं आणि खिंडीत दूरवरचं दिसतं. ओहोटीला लगूनमधला गाळ बाहेर ओढला जातो; त्याच जागी पाणी धूसर होतं आणि प्रवाह तुम्हाला खुल्या समुद्राकडे नेऊ लागतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाच्या भरतीमुळे हा ओढा सर्वात जास्त असतो, अष्टमीच्या आसपास भांगाच्या भरतीला सर्वात कमी. प्रवाहाची सवय नसेल तर अष्टमीच्या दोन-तीन दिवस अलीकडे-पलीकडे डायव्हिंगचे दिवस बसवा. खिंडीतला डाइव्ह भरती पूर्ण होण्याच्या थोडा आधी सुरू करणं उत्तम: पाणी स्वच्छ असतं आणि मग काही वेळ थबकतं. बोटचालकाला विचारण्याचा खरा प्रश्न हाच, की त्या दिवशी कोणत्या जागी किती वाजता उतरवणार आणि का. नेमकं उत्तर न देणाऱ्या बोटीवर जाऊ नका.

रोज परतणारी बोट दिवसाला दोन-तीन डाइव्ह देते आणि प्रवासाचे तीन-चार तास खाते. लाइव्हअबोर्ड, म्हणजे जिच्यावरच मुक्काम असतो ती बोट, रात्रीच्या डाइव्हसकट चारपर्यंत डाइव्ह देते आणि दूरच्या रीफपर्यंत जाते. पण समुद्र लागत असेल तर तिथून सुटका नाही. समुद्र लागण्याचं औषध बोटीवर चढण्याच्या तासभर आधी घ्यायचं असतं. मळमळ सुरू झाल्यावर ते पोटात टिकत नाही. त्या गोळीने झोप येते का, हे घरीच एकदा घेऊन तपासा, कारण गुंगीत डाइव्ह करणं धोक्याचं आहे.

कागद, शरीर, सराव

ओपन वॉटर प्रमाणपत्रावर 18 मीटर, ॲडव्हान्स्डवर 30 मीटर. हौशी डायव्हिंगची कमाल मर्यादा 40. ब्लू होलमधले झुंबरांसारखे लोंबणारे चुनखडीचे खांब 40 मीटरच्या आसपास आहेत, तेव्हा नवख्याने तो डाइव्ह यादीतून काढलेलाच बरा. रीफवरचे रंग आणि मासे तसेही वरच्या 15 मीटरमध्येच सर्वाधिक असतात. नवीन शिकणार असाल तर थिअरी आणि स्विमिंग पूलचा भाग घरच्या गावी पुरा करा आणि रीफवर फक्त खुल्या पाण्यातले चार डाइव्ह ठेवा. जुनं प्रमाणपत्र असून वर्षभर पाण्यात उतरला नसाल, तर निघण्यापूर्वी पूलमध्ये उजळणी करा.

वैद्यकीय फॉर्म आधीच मागवून वाचा. दमा, हृदयविकार, मधुमेह, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी एकालाही 'हो' म्हणावं लागलं तर डॉक्टरांची सही लागते, आणि ती धक्क्यावर मिळत नाही. सर्दी असताना नाक मोकळं करणारं औषध घेऊन उतरू नका. खोलीवर त्याचा असर ओसरला तर वर येताना हवा कानात कोंडते. विम्यात डायव्हिंग, समुद्रातून हलवणं आणि रीकाँप्रेशन चेंबरचे (नायट्रोजनचे बुडबुडे झाल्यास वाढीव दाबाखाली ठेवण्याची खोली) उपचार स्पष्ट लिहिलेले हवेत. सर्वात जवळचं चेंबर कुठे आहे तेही नोंदवून ठेवा: ग्रेट बॅरियर रीफसाठी टाउन्सव्हिल, बेलीझमध्ये सॅन पेद्रो.

सामान

टाकी, वजनं आणि बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जॅकेट) तिथे भाड्याने मिळतात. स्वतःचा असावा तो मास्क. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास ओढा. तो चिकटून राहिला तर बसतोय. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो टूथपेस्टने आतून दोन-तीनदा घासून काढला नाही तर कितीही काही लावलं तरी काच धुरकटतेच. शिवाय स्वतःचा डाइव्ह काँप्युटर (मनगटावरचं खोली आणि वेळ मोजणारं यंत्र), शिट्टी आणि फुगवून वर सोडायचा नारिंगी मार्कर घ्या. 27-29 अंशांच्या पाण्यात 3 मिमीचा वेटसूट पुरतो, 23-24 ला 5 मिमी. सनस्क्रीनपेक्षा लांब बाह्यांचा रॅशगार्ड चांगला. ऑक्सिबेन्झोन असलेल्या क्रीमवर पलाऊ आणि हवाईत बंदीच आहे.

पहिल्या डाइव्हच्या शेवटी, टाकीत 50 बार (बार हे हवेच्या दाबाचं एकक) उरले असताना, वजन तपासा. बीसीडी रिकामी करून, साधा श्वास घेऊन स्थिर राहिलात की पाणी डोळ्यांच्या पातळीला यावं आणि श्वास सोडल्यावर तुम्ही हळूहळू बुडावं. भरलेल्या टाकीवर तपासलंत तर साधारण 2 किलो वाढवा, कारण तेवढ्या वजनाची हवा डाइव्हमध्ये संपते; नाहीतर शेवटी 5 मीटरवर तीन मिनिटं थांबणं जमत नाही, शरीर वर उसळतं. उलट वजन जास्त झालं तर पाय खाली लोंबतात आणि फिनचा एक फटका वर्षानुवर्षं वाढलेली प्रवाळाची फांदी तोडतो. हे टाळणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

पाण्यात 100 बारला परत फिरा, 50 बार शिल्लक ठेवून वर या, मिनिटाला 9 मीटरपेक्षा जलद नको. प्रवाहाने ओढलं तर त्याच्याविरुद्ध पाय मारत दमू नका. आडवे सरका, जोडीदारासह वर या, मार्कर फुगवा. बोटीवर हजेरी घेतली जाते तेव्हा स्वतः नाव द्या, दुसऱ्याला 'माझंही सांग' म्हणू नका. 1998 साली ग्रेट बॅरियर रीफवर दोन डायव्हर मोजणीच्या चुकीने समुद्रात राहिले आणि परत सापडले नाहीत.

कोरड्या दिवशी सामान गोड्या पाण्यात भिजवा. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र) बुडवण्यापूर्वी त्याचं टोपण कोरडं करून घट्ट बसवा आणि भिजत असताना तोंडाकडच्या भागावरचं हवा सोडायचं बटण दाबू नका, नाहीतर पाणी आत शिरून पहिला टप्पा, म्हणजे टाकीला जोडायचा भाग, गंजतो.